रॅकूनसाठी दीडशे अंशांचा तिळगूळ

नागेश घैसास हा येनातला एकमेव शाकाहारी शिकारी. कदाचित अख्ख्या जर्मनीतलाही असेल, पण चौकशी करायला गेलं आणि कुठे दुसरा निघाला तर उगाच आमच्या माणसाचा मान कमी व्हायचा, म्हणून आम्ही येनापाशी थांबतो. केकचा तुकडा हातात घेऊन "यात अंडं किती?" असं विचारणारा हा माणूस एका हिवाळ्यात रॅकूनची कातडी विकून घरात पैसे आणेल, असं आमच्या मराठी मंडळींपैकी कोणी म्हणालं असतं तर आम्ही त्याचा ताप मोजला असता.

नागेश भिंगांच्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर आहे. भिंगं आपल्या जागेवरून केसभरही हलू नयेत याची सोय करणं हे त्याचं काम. तो स्वतः मात्र कुठल्याच छंदात एका हिवाळ्यापेक्षा जास्त टिकत नाही. मधमाश्या पाळल्या, त्या पंधरा दिवसांत शेजाऱ्याच्या बागेत राहायला गेल्या आणि तिथे सुखात आहेत. दुर्बिणीचा आरसा घासला, त्यातून चंद्र चौकोनी दिसायचा. मग आंबट पिठाचा जर्मन पाव करायला घेतला. ते पीठ तळघरात इतकं फुगलं की बरणी फुटली आणि इमारतीच्या हाउसमाइस्टरनं, म्हणजे देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी, आधी फायर ब्रिगेडला आणि मग वासंतीला फोन केला.

वासंती त्याची बायको. ती किंडरगार्टनमध्ये शिकवते, त्यामुळे हट्टी मुलांची तिला सवय आहे. त्या पिठाच्या प्रकरणानंतर तिनं घरात एक कायदा केला.

"हे बघ नागेश, छंद हवे तेवढे कर. पण यापुढे छंदाचा खर्च छंदानंच काढायचा. पगारातला एक सेंट मिळणार नाही."

"गेनाऊ," नागेश म्हणाला. एखादी गोष्ट अजिबात पटलेली नसली की तो जर्मनमधून होकार देतो.

यानंतर शहाण्या माणसानं पोस्टाची तिकिटं जमवली असती. नागेश शिकारी झाला.

त्याचं झालं असं की ऑफिसातला एक सहकारी त्याला एकदा पहाटे जंगलात घेऊन गेला. शेताच्या कडेला शिडीवर बांधलेल्या लाकडी मचाणात दोघं बसले. समोर धुकं, धुक्यात तीन हरणं, आणि दोन तास कोणी एक शब्द बोललं नाही. नागेश परत आला तो वेगळाच.

"तिथे कोणी मला काही विचारत नाही," तो मला सांगत होता, "आणि मला कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. चौदा वर्षं झाली या देशात. ऑफिस, घर, सुपरमार्केट. पहिल्यांदाच असं वाटलं की इथे एक जागा आहे जिथे मला रोज जायचंय."

नाग्याच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं. त्यामुळे मी चेष्टा केली नाही. निदान त्या दिवशी तरी.

जर्मनीत शिकारीचा परवाना मिळवणं म्हणजे दुसऱ्यांदा बारावी देणं. वर्षभर क्लास, जाडजूड पुस्तकं, लेखी, तोंडी, नेमबाजी. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी रानडुकराचं काळीज पुढे ठेवून विचारलं, "हे खाण्याजोगं आहे का?" प्रामाणिक उत्तर द्यायचं तर नागेशच्या मते जगातलं कुठलंच काळीज खाण्याजोगं नव्हतं. पण त्यानं श्वास रोखून रंग, कडा, डाग यांवर असं व्याख्यान दिलं की परीक्षकांनीच त्याला थांबवलं. तो पास झाला. पेढे वाटले. खव्याचे.

पण परवाना मिळाला म्हणजे जंगल मिळालं असं नाही. इथे प्रत्येक शिकारक्षेत्राला, ज्याला रेविअर म्हणतात, एक भाडेकरू असतो, आणि त्याच्या मर्जीशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही. येनाजवळच्या एका खेड्याच्या रेविअरचे भाडेकरू होते हेर ट्योप्फर. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेले, मिशा अशा की सूप पिताना त्या आधी बाजूला कराव्या लागत. त्यांच्याकडे एका भागीदाराची जागा रिकामी झाली होती. 'घैसास' हा उच्चार त्यांनी दोनदा करून पाहिला, तिसऱ्यांदा खोकला आला, आणि तेव्हापासून ते नागेशला 'हेर इंजेनिअर' म्हणतात.

"हेर इंजेनिअर, वाइमारचे एक नोटार आहेत, दस्तऐवज करणारे वकील, त्यांनाही ही जागा हवी आहे. त्यांच्याकडे नवी जीप आहे. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे सकाळ आहे," नागेश म्हणाला. "मी ऑफिसला साडेनऊला जातो."

ट्योप्फर मिशीतल्या मिशीत हसले. मग त्यांनी त्याला गावातून फिरवलं. रॅकून हा मुळात अमेरिकेचा प्राणी. डोळ्यांवर काळी पट्टी, हात माणसासारखे, जात्याच चोर. कधीकाळी फरसाठी म्हणून तो जर्मनीत आणला, आणि आता तो सगळीकडे झालाय. या गावात त्यानं चेरीची झाडं ओरबाडली होती, कोंबड्यांची खुराडी उघडली होती, पक्ष्यांची घरटी रिकामी केली होती आणि चर्चच्या माळ्यावर आपला संसार थाटला होता.

"या हिवाळ्यात हे कमी करून दाखवा," ट्योप्फर म्हणाले. "फेब्रुवारीच्या शेवटी गावच्या हॉलमध्ये फरचा बाजार भरतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भागीदारीचे पैसे माझ्या हातात ठेवलेत तर जागा तुमची. नाहीतर नोटारची."

भागीदारीची रक्कम म्हणजे एखादी चांगली सायकल येईल इतकी. नागेशला पगारातून ती सहज देता आली असती. पण कायदा म्हणजे कायदा. वासंती म्हणाली, "जंगलाचे पैसे जंगलातूनच आण."

आता सगळं कातडीवर आलं. हिवाळ्यात रॅकूनची फर दाट होते, आणि बिनभोकाची, स्वच्छ काढलेली कातडी असेल तर एकीला एक चांगला पिझ्झा येईल इतका भाव मिळतो. बिनभोकाची हवी म्हणून बंदुकीपेक्षा सापळा बरा. नागेशनं सापळ्यांचा वेगळा कोर्स केला, दोन्ही टोकांना दारं असलेल्या लाकडाच्या लांब पेट्या स्वतः बनवल्या, आणि प्रत्येकीला एक यंत्र लावलं. दार पडलं की त्याच्या फोनवर मेसेज येई. ती यंत्रणा इतकी अचूक होती की तिच्यात फक्त रॅकूनची कमतरता होती.

आमिष म्हणून त्यानं सार्डिनचे डबे घेतले. शाकाहारी माणसानं सुपरमार्केटात सार्डिनचा डबा कसा उचलावा? नागेश तो दोन बोटांत, अंगापासून लांब धरून काउंटरपर्यंत न्यायचा, जणू आतला मासा अजून जिवंत आहे. पहिल्याच सकाळी मेसेज आला. धावत गेला. पेटीत एक भला मोठा पिवळा बोका बसला होता. गावच्या महापौर बाईंचा, नाव ब्रुनो. नागेशनं माफी मागून त्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रुनो. त्यानंतर तो रोजच येऊ लागला. पेटीत शिरायचा, सार्डिन खायचा, दार पडलं की अंग चाटत बसायचा, आणि साडेसातला नागेश आला की उशीर झाल्यासारखं बघायचा. डिसेंबर संपेपर्यंत ब्रुनोचं वजन इतकं वाढलं की महापौर बाईंनी त्याला डॉक्टरकडे नेलं. मग त्या ट्योप्फरांकडे आल्या.

"हेर इंजेनिअर," ट्योप्फर म्हणाले, "आणखी एकदा मांजर सापडलं तर बाजाराची वाट बघायचं कारण नाही."

मासे बंद झाले. बाकीचे शिकारी म्हणाले, मनुके घाल, शेंगदाण्याचं लोणी घाल, मांजर गोडाला तोंड लावत नाही. खरं होतं, ब्रुनो फिरकेना. पण मनुके आणि लोणी उंदरांनी रात्रीत साफ केलं. नागेशनं पेटीसमोर एक कॅमेरा लावला होता. त्यात एका पाठोपाठ एक उंदीर जेवून जाताना दिसत, आणि शेवटी एक रॅकून येई, रिकाम्या पेटीत डोकावून बघे आणि निघून जाई. जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला तेव्हा नागेशकडे एकही कातडी नव्हती. नोटारनं मात्र ट्योप्फरांना वाइनच्या दोन बाटल्या पाठवल्या होत्या.

आणि मग संक्रांत आली.

२०१८ची संक्रांत रविवारी होती. येनातली आम्ही सगळी मराठी मंडळी घैसासांकडे जमणार होतो. वासंतीला सर्दीनं धरलं होतं, म्हणून तिळगुळाचे लाडू नागेशनं करायला घेतले. ती सोफ्यावरून सूचना देत होती.

"पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघ. मऊ गोळी झाली की लगेच उतरव."

"मऊ म्हणजे किती मऊ?"

"अरे, मऊ म्हणजे मऊ!"

"आल्झो, हे काही मोजमाप झालं नाही," नागेश म्हणाला. आणि त्यानं ऑफिसातून आणलेला थर्मामीटर काढला. इंटरनेटवर एका जर्मन मिठाईवाल्याचा तक्ता सापडला, त्यात गोळ्या-चॉकलेटांच्या साखरेला दीडशे अंश लिहिलं होतं. नागेशनं गूळ दीडशे अंशांपर्यंत नेला. एक अंश कमी नाही, एक अंश जास्त नाही. हाताला चटके बसत असताना त्यानं लाडू वळले, आणि ते इतके एकसारखे गोल झाले की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी आम्ही ते लाडू तोंडात घातले. आणि तसेच राहिलो. चावता येईना, गिळता येईना, यजमानांसमोर थुंकता येईना. हळदीकुंकवाच्या घोळक्यात एरवी कान किटतात, तिथे पाऊण तास शांतता होती. एकानं लाडू हळूच बशीत ठेवला तर असा टण्णकन आवाज झाला की सगळ्यांनी वळून पाहिलं.

"नाग्या," मी गालाच्या एका कोपऱ्यातून म्हणालो, "हा खायचा की कंपनीत बेअरिंग म्हणून वापरायचा?"

पाहुणे गेल्यावर उरलेला मोठा डबा कुठल्या कचऱ्यात टाकायचा यावर घरात वाद झाला. नागेश म्हणाला जैविक. वासंती म्हणाली, "त्यात काही कुजण्यासारखं आहे असं मला वाटत नाही." त्यांची तेरा वर्षांची शमिका, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते, फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाउशुट, पापा." म्हणजे इमारत पाडल्यावर निघतो तो राडारोडा. वाद मिटला नाही, डबा गाडीच्या डिकीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागेश सापळ्यांपाशी गेला आणि त्याच्या लक्षात आलं की मनुके घरी राहिले. डिकीत फक्त राडारोडा होता. त्यानं एक लाडू पेटीच्या मध्यभागी ठेवला, तो गडगडत दुसऱ्या दारातून बाहेर गेला. मग नागेशमधला इंजिनिअर जागा झाला. त्यानं ट्योप्फरांच्या गोठ्यातून ड्रिल मशीन मागून घेतलं, त्याला धातूचं बिट लावलं, लाडू शिकंज्यात पकडला आणि त्याच्या आरपार भोक पाडलं.

ट्योप्फर बाजूला उभे राहून बघत होते. "हे काय आहे?"

"मिठाई," नागेश म्हणाला.

"तुमच्याकडे लोक हे खातात?"

"काल प्रयत्न केला."

लाडू तारेत ओवून पेटीत टांगला गेला. मंगळवारी सकाळी ऑफिसात प्रोजेक्टची मीटिंग चालू असताना नागेशच्या फोनवर मेसेज आला. त्याला वाटलं ब्रुनोच. तो जेवणाच्या सुट्टीत गेला आणि पेटीच्या जाळीतून त्याच्याकडे काळ्या पट्टीतले दोन डोळे बघत होते. तिळगूळ दोन्ही हातांत धरलेला होता आणि चाटण्याचं काम चालूच होतं.

कॅमेऱ्यात सगळं दिसलं. उंदीर आले, दात लावून पाहिले आणि निघून गेले. ब्रुनो आला, त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. पावसाचे थेंब पडले, लाडू विरघळला नाही. आणि मग रॅकून आला, त्याला गुळाचा वास आवडला, लाडू काही तारेतून सुटेना, आणि तो हट्टानं आत आत शिरत गेला. आमच्या दातांनी जो लाडू नाकारला तोच या कामासाठी नेमका तयार झाला होता.

पुढचं काम नागेशनं शिकवल्याप्रमाणे एका क्षणात केलं. नंतर मात्र तो गाडीत बराच वेळ नुसता बसून होता. ट्योप्फर काचेवर टकटक करून म्हणाले, "ज्याला पहिल्या वेळी काहीच वाटत नाही, त्याला मी जागा देत नाही." मग त्यांनी त्याला कातडी काढायला शिकवली. नागेश दोनदा गोठ्याबाहेर जाऊन आला, तिसऱ्यांदा गेला नाही.

तो जानेवारी उबदार होता, रॅकून रोज बाहेर पडत होते. घरात दुसरा घाणा लागला, मग तिसरा. थर्मामीटर आता भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे. वासंती आईला फोनवर सांगत होती, "अगं, करतोय तो लाडू. नाही नाही, बिघडत नाहीत. मुद्दाम बिघडवतोय." ट्योप्फरांच्या गोठ्यात चरबी खरवडून फळ्यांवर ताणलेल्या कातड्यांची रांग लांबत गेली. नागेशनं त्या फळ्याही मोजून-मापून तासल्या होत्या, त्यामुळे सगळ्या कातड्या एका मापाच्या, एका उंचीवर, कवायतीला उभ्या असल्यासारख्या दिसत.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कडाका पडला. रॅकून झाडांच्या ढोलीत जाऊन झोपले ते उठेचनात. नागेशनं हिशेब केला. चांगला भाव आला तर जेमतेम पुरेल, नाहीतर नाही.

बाजाराच्या दिवशी वासंती, मी आणि नागेश गावच्या हॉलमध्ये गेलो. दोऱ्यांवर कोल्हे, रॅकून आणि मार्टन, म्हणजे इथली मुंगसासारखी जनावरं, टांगलेले. हिरव्या कोटातले शिकारी बिअर पीत होते. नोटार साहेब खिडकीपाशी उभे होते, बाहेर त्यांची जीप दिसेल अशा बेतानं. खरेदीला आल्या होत्या फ्राउ हेंकेल, तिसऱ्या पिढीच्या फरवाल्या. ठेंगण्या, गंभीर. त्या प्रत्येक कातडीवर फुंकर मारत, केस दुभंगत, आतली लव बघत आणि पुढे जात.

नागेशच्या रांगेपाशी आल्या आणि थांबल्या. फुंकर मारली. पुन्हा मारली. कातडी उलटी करून बोट फिरवलं.

"गोळी कुठे लागली?"

"कुठेच नाही."

"चरबी कोणी काढली?"

"मी."

"तुम्ही स्वयंपाकी आहात का?"

"मी शाकाहारी आहे," नागेश म्हणाला. हॉलमध्ये एवढ्या जोरात हसू फुटलं की एक कोल्हा दोरीवरून खाली पडला.

फ्राउ हेंकेल हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्याच्या सगळ्या कातड्या वरच्या दर्जाच्या म्हणून बाजूला काढल्या. फक्त म्हणाल्या, "या वर्षी भाव पडलाय. तुमचा दोष नाही."

नागेशनं मिळालेले पैसे मोजले. वासंतीनं त्याच्या खांद्यावरून मोजले. थोडे कमी होते. फार नाही, पण कमी. नोटारनं तिकडे घड्याळ बघितलं आणि पाकिटाला हात घातला. वासंतीची पर्स तिच्या खांद्याला होती. तिनं ती उघडली, नागेशनं मान हलवली.

"नको. कायदा तुझा आहे."

"कायदा माझा आहे म्हणूनच मोडतेय ना!" वासंती म्हणाली. तिनं पर्समधल्या नोटा बाहेरही काढल्या.

"नको," नागेश पुन्हा म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या गावचा एक थोराड शिकारी टेबलापाशी आला. त्यानं आवाज खाली आणला, जसा जर्मन लोक फक्त पगाराबद्दल बोलताना आणतात. "हेर इंजेनिअर, ट्योप्फर म्हणतो तुम्ही कसल्यातरी भारतीय गोळ्या घालता. उंदीर खात नाहीत, मांजर येत नाही. विकाल का?"

नागेश 'त्या गोळ्या नाहीत, लाडू आहेत' असं समजावायला लागला. वासंतीला सुचलं. किंडरगार्टनची बाई, गर्दी दिसली की तिचा आवाज आपोआप चढतो.

"रांग लावा!" ती जर्मनमध्ये म्हणाली. "आणि एकाला पाचच मिळतील."

मी धावत जाऊन डिकीतला उरलेल्या लाडवांचा डबा आणला. रांग लागली. बिअरचे ग्लास हातात घेऊन हिरवे कोट शिस्तीत उभे राहिले. वासंती भाव सांगत होती, नागेश भोक कसं पाडायचं, कितीचं बिट घ्यायचं हे समजावत होता, आणि एका तरुण शिकाऱ्यानं आम्ही नको नको म्हणत असताना एक लाडू तोंडात घातला. त्याला पुढे बराच वेळ काही विचारून उपयोग नव्हता. रांगेच्या शेवटी महापौर बाई होत्या. त्यांनी माळ्यावरच्या रॅकूनसाठी पाच घेतले आणि ब्रुनोची तब्येत आता बरी आहे असं सांगितलं.

डबा रिकामा झाला. नागेशनं नोटा पुन्हा मोजल्या, नीट एकसारख्या केल्या आणि ट्योप्फरांच्या हातात ठेवल्या. ट्योप्फरांनी त्या न मोजताच खिशात घातल्या. मग त्यांनी कोपऱ्यात शिकारीची शिंगं घेऊन उभ्या असलेल्यांकडे बघून मान डोलावली. पितळी शिंगं फुंकली गेली, सगळा हॉल उभा राहिला, टोप्या निघाल्या, आणि नाग्या घैसास कातड्यांच्या रिकाम्या दोरीखाली इतका ताठ उभा होता की मला त्याच्याकडे बघून उगाच नाक शिंकरावं लागलं.

नोटार साहेब जाता जाता थांबले, त्यांनी नागेशशी हस्तांदोलन केलं आणि विचारलं, "पुढच्या मोसमात गोळ्या मिळतील?"

"आधी ऑर्डर द्यावी लागेल," वासंती म्हणाली.

ट्योप्फरांनी नागेशला एक किल्ली दिली. रेविअरच्या तोंडाशी रस्त्यावर लोखंडी दांड्याचं फाटक आहे, त्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नागेशनं मला घरातून उचललं. काही काम आहे का, विचारलं. म्हणाला, नाही. थंडीनं डोळ्यांतून पाणी येत होतं. फाटकापाशी त्यानं गाडी थांबवली, उतरला, कुलूप उघडलं, दांडा वर केला. गाडी आत घेतली. परत उतरला, दांडा खाली केला, कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

"आता?" मी विचारलं.

"आता आपण आत आहोत," नागेश म्हणाला, आणि आम्ही मचाणाच्या दिशेनं चालायला लागलो.